सिस्टरची यादी

आमच्या इमारतीतला राउटर सलाईनच्या स्टँडला टांगलेला आहे. थट्टा नाही. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात आमची चार बिऱ्हाडांची इमारत आहे. तळमजल्यावर सिस्टरच्या दाराशी तो लोखंडी स्टँड उभा असतो. बाटली अडकवायच्या आकड्याला राउटर बांधलेला, तोही बँडेजच्या पट्टीने.

सिस्टर म्हणजे शालन म्हात्रे. खांब गावाच्या बाजूला एका दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांना नावाने हाक मारणारं इथे कुणी नाही. लग्न केलं नाही. माहेर पेणकडच्या खाडीकाठचं, वडील मिठागरावर कामाला. भाऊ आता पेण शहरात असतो. गणपतीत त्या तिकडे जातात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. एकदा मी म्हटलं, "राहायचं ना चार दिवस!" तर म्हणाल्या, "काय करू राहून? तिथं कोणाला काय दुखतच नाय."

भावाच्या नातवाला मोबाइलवर बघता यावं म्हणून त्यांनी इंटरनेट घेतलं. केबलवाल्याने वायर तळमजल्यापर्यंत आणली, वरच्यांना "पुढच्या आठवड्यात" सांगून गेला तो गेलाच. आमच्याकडे मुलीचा कॉलेजचा लॅपटॉप आणि माझा जुना कंप्युटर दोन्ही ठप्प. शेवटी मी भीत भीत पासवर्ड मागायला खाली उतरलो.

"बस आधी," सिस्टर म्हणाल्या. "काय होतंय?"

"मला काही नाही. कंप्युटरला नेट नाही."

"कधीपासून?"

"आठवडा झाला."

"वय काय त्याचं?"

"अकरा वर्षं असेल."

"मग जपायला पायजे," असं म्हणून त्यांनी वही काढली, माझं नाव लिहिलं आणि त्याखाली कंप्युटर, लॅपटॉप, दोन मोबाइल अशी नोंद केली. पासवर्ड सांगितला तो कानाजवळ येऊन, पेशंटचा आजार सांगावा तसा.

माझा कंप्युटर मागच्या खोलीत. तिथे रेंज पोचेना. सिस्टर स्टँड घेऊन घरभर फिरल्या आणि मी वरून खिडकीतून ओरडत राहिलो.

"नाडी लागली काय?"

"नाही!"

"आता?"

"थोडी लागली!"

असं करत स्टँड दाराशी येऊन थांबला. दार लावलं की रेंज जाते, असं त्यांचं निदान. त्यामुळे त्यांचं दार दिवसभर उघडं राहायला लागलं. जिन्यावरून जाणाऱ्याला आत खुर्चीत बसलेल्या सिस्टर दिसायच्या. बहुतेक वेळा नजर बाहेरच.

हळूहळू चारही बिऱ्हाडं त्यांच्या राउटरवर आली. कुणाचं काय जोडलेलं आहे, याची यादी त्यांना मोबाइलवर दिसे. संध्याकाळी जिन्याखाली उभ्या राहून त्या राउंड घेत. "तेरा पेशंट दाखल हायत," असं जाहीर करत. एखादा मोबाइल दिसला नाही की लगेच हाक यायची.

"वैशाली गो, सकाळपासून नाय दिसलीस! कुठं गेलतीस?"

माझी बायको कोलाडला बहिणीकडे गेलेली असायची. "नवरासुद्धा एवढी चौकशी करत नाही," ती माझ्यावर चिडायची.

पुढे माझ्या कंपनीने आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायला सांगितलं. मीटिंगमध्ये माझा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठायला लागला. नव्या केबलवाल्याकडून मी आमची वेगळी लाइन घेतली आणि पेढे घेऊन सिस्टरना सांगायला गेलो.

"म्हणजे डिस्चार्ज," त्या म्हणाल्या.

"राग आला का?"

"राग कसला? माणूस बरा झाला की जायचाच."

माझं बघून बाकीच्या दोन बिऱ्हाडांनीही आपापल्या लाइनी घेतल्या. राउंड बंद झाला. दार मात्र उघडंच राहिलं.

मग एक दिवस त्यांनी मला जिन्यात थांबवलं. "तुझा तो जुना मोबाइल हाय ना पडलेला? माझ्या वायफायवर ठेवशील? काय करायचं नाय त्याचं. नुसता असू दे."

मी हो म्हटलं. फ्रिजवर ठेवला, चार्जरला लावला आणि विसरून गेलो.

पुढच्या रविवारी दुपारी आमच्या दारावर धडाधड थापा. उघडतो तर सिस्टर. गुडघे धरलेले, धाप लागलेली, काखेत बीपी मोजायचं यंत्र, मुठीत मोबाइल. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच वर आल्या होत्या.

"काय झालं तुला?"

"मला? काही नाही."

"यादीतून गेलास तू. एकदम!"

मी फ्रिजकडे पाहिलं. वैशालीने मिक्सर लावायला चार्जर काढला होता आणि मोबाइल बंद पडला होता. मला हसू फुटलं. सिस्टर हसल्या नाहीत. दाराजवळच्या स्टुलावर टेकल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी नुसतं धरून ठेवलं.

"सिस्टर, अहो, ती यादी मोबाइलची असते. माणसांची नाही."

"कळतंय रे मला." त्यांनी पेला खाली फरशीवर ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "तुमची यादी मला तरी दिसत होती. मी पडले खाली, तर कोणाला दिसणार हाय?"

इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली वैशाली पुढे आली. तिने सिस्टरच्या हातातला मोबाइल घेतला, त्यात आमचा पासवर्ड घातला आणि परत दिला.

आता सकाळी वैशाली उठली की आधी मोबाइलवर आमच्या राउटरची यादी उघडते. "आहेत सिस्टर," म्हणते आणि मग चहाचं आधण ठेवते. कधी कधी सिस्टर मोबाइल घेऊन मागच्या आवारात तगरीची फुलं काढायला जातात, तेव्हा पाच-दहा मिनिटं त्यांचं नाव दिसत नाही. तेवढा वेळ वैशाली रिकामं पातेलं हातात धरून खिडकीशी उभी असते.