सुटीचा भोंगा

"काका, आता खुशाल घरी जा. पाच म्हणजे पाचलाच भोंगा वाजणार, सेकंदाचा फरक नाही!" कपड्यांच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्याने छाती फुगवून सांगितलं. काका म्हणजे तीस वर्षं भोंग्याचं बटण दाबलेला माणूस. आज निवृत्त. ते हसले आणि बटणाशेजारच्या बाकावर बसून राहिले.

मॅनेजरबाईंनी कॉम्प्युटरवाल्याला शब्द दिला होता, आजचा भोंगा बिनचूक वाजला तर नोकरी कायम! शिलाई विभागातल्या त्याच्या बायकोने सासूबाईंना कळवूनही टाकलं होतं.

अकरा वाजता त्याने प्रोग्रॅम चालू केला.

भोंऽऽऽ!

दीडशे मशिनं जागच्या जागी थांबली. "सुटलो गं!" म्हणत बायका पिशव्या घेऊन फाटकाकडे. एक बाही लावलेले शर्ट तसेच लोंबकळत राहिले.

"अहो, पण सुरुवात खाली आहे! 'मुख्य काम' असं लिहिलंय तिथे!" तो मॅनेजरबाईंना सांगू लागला. त्याच्या जुन्या भाषेत प्रोग्रॅम तिथूनच सुरू व्हायचा. ही नवी भाषा मात्र पहिल्या ओळीपासून वाचत, वाचेल ते करत सुटायची. आणि पहिल्या ओळीत या पठ्ठ्यानेच चाचणीपुरतं काय लिहून ठेवलं होतं? 'भोंगा वाजव'!

बायकांना हातापाया पडून परत बसवलं. पण याला कुठली चैन! बसतोय, उठतोय, घड्याळ बघतोय. शेवटी त्याने नवी फाइल उघडली. जुनीतून फक्त वेळापत्रक मागवायचं, बस्स! मागवलं मात्र, जुनी फाइल पहिल्या ओळीपासून कामाला लागली.

भोंऽऽऽ!

या खेपेला फाटकाशी सगळ्यांत पुढे त्याची बायको होती.

आता त्याने झाडून सगळ्या ओळी 'मुख्य काम' या एका नावाखाली कोंबल्या. प्रोग्रॅम चालवला. शांतता! त्याच्या जिवात जीव आला.

पाच वाजले. शांतता. पाच वाजून सात मिनिटं झाली. तरीही शांतता! दीडशे बायका मांडीवर पिशव्या घेऊन त्याच्याकडे बघत होत्या. काका सावकाश उठले आणि त्यांनी बटण दाबलं.

"काका, उद्यापासून परत या," मॅनेजरबाई म्हणाल्या, "कोणाला तरी कायम करायलाच हवं."

बायको त्याच्या खांद्यावरून पडद्यात डोकावली. "यात मुख्य काम काय ते लिहिलंय. पण 'मुख्य काम कर' असं कुठे सांगितलंय?"

त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुठेच नव्हतं.

"हा प्रोग्रॅम तुमच्यावरच गेलाय मेला! सगळं ठरवून ठेवायचं आणि कोणी 'ऊठ' म्हणेपर्यंत हलायचं नाही. आता सासूबाईंना कळवा तुम्हीच." दोन पावलं जाऊन ती वळली. "आणि मी 'कळवा' म्हटलंय हं!"