हत्तीसर जरा टेकले

मुलांनो, चुळबूळ पुरे. ऐका.

एका जंगलात चक्क एक विद्यापीठ होतं. त्याच्या मागच्या तळ्यात केतकी नावाची पाणमांजर राहायची. तळं आटत चाललं होतं. तिची पिल्लं चिखलात मासे शोधायची आणि उपाशी झोपायची.

केतकी ओढ्याच्या काठानं वर गेली. पाहते तर काय, ओढ्याच्या तोंडाशी भलामोठा धोंडा अडकलेला! पाणी भलतीकडेच चाललेलं. तिनं जोर लावला, पण धोंडा हलेना.

मग ती धावत हत्तीसरांकडे गेली. सर पाणीशास्त्राचे विभागप्रमुख.

"सर, धोंड्याला एक धक्का द्या ना. तळं भरेल."

"अगं, हा तर निष्कर्ष झाला! संशोधनाआधीच निष्कर्ष?" सरांनी सोंड हलवली. "आधी माझ्याकडे पीएच.डी.ला नाव घाल. आता आपल्याकडे रीतसर प्रशिक्षण असतं. पूर्वीसारखं एकट्यानं कोपऱ्यात बसून चालत नाही."

केतकीनं नाव घातलं. करते काय? धक्का देऊ शकेल असं दुसरं कुणी नव्हतं.

कोर्सवर्क सुरू झालं. बगळ्यानं संशोधनातली नीतिमत्ता शिकवली. शिकवता शिकवता तळ्यातले उरलेसुरले मासे त्यानं उदाहरणादाखल संपवले. स्वतंत्र विचार कसा करावा, हे पोपटानं सांगितलं आणि सगळ्यांकडून तीनतीनदा म्हणवून घेतलं.

"सर, धोंडा?" केतकी विचारायची.

"तो शेवटच्या प्रकरणात येतो गं."

इकडे पिल्लांच्या बरगड्या दिसू लागल्या. केतकीचं डोकं फिरलं. भर सभेत ती म्हणाली, "मला क्षेत्रभेट हवीय. नियमात आहे!"

नियमात आहे म्हटल्यावर सगळे ओढ्याच्या काठानं वर निघाले. ऊन कडक, चढण उभी. हत्तीसरांना धाप लागली.

"दमलात सर," केतकी गोड आवाजात म्हणाली. "टेका ना इथं जरा."

सर धोंड्याला टेकले. धोंडा गडगडत गेला. मागोमाग सरही गेले. पाणी धो धो सुटलं.

तळं भरलं. ओढ्यातून नवे मासे आले. पिल्लांनी पोट फुटेस्तोवर खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सर लंगडत काठावर आले. "केतकी, तुझी नोंदणी रद्द करावी लागतेय. विषयच उरला नाही! हवं तर 'धोंडा का हलला' यावर कर. कोर्सवर्क मात्र पहिल्यापासून हं."

केतकीच्या तोंडात मासा होता. उत्तरासाठी तो सोडावा, असं काही तिला वाटलं नाही.

तात्पर्य : पदवी हवी असेल, तर प्रश्न सुटू देऊ नये. आणि प्रश्नच सोडवायचा असेल, तर गाईडला विचारत बसू नये. त्याला टेकायला जागा दाखवावी.