सबनीसांचं पिवळं कार्ड

रविवारी सकाळी सात वाजता आमची बेल वाजली आणि दारात सबनीस शिऱ्याचं भांडं घेऊन उभे असले, म्हणजे तिकडे आइसलंडमध्ये कुणाला तरी पिवळं कार्ड मिळालेलं असतं.

गोल झाला तर शिरा नाही. संघ जिंकला तरी नाही. तसा तो फारसा जिंकत नाही. शिरा फक्त पिवळ्या कार्डाचा, आणि तोही एकाच खेळाडूच्या.

आम्ही जपानात, हिगाशी-कसाईला पाचव्या मजल्यावर राहतो, सबनीस सहाव्यावर. कंपनीतून निवृत्त झालेत, बायको जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या इमारतीतले बाकीचे निवृत्त लोक क्रिकेट बघतात आणि गुडघ्यांबद्दल बोलतात. सबनीस आइसलंडच्या पुरुषांच्या फुटबॉलमधली अगदी तळाची लीग धरून बसलेत. बघतात असं म्हणवत नाही, कारण ते सामने कुठे दिसतच नाहीत. ते वाचतात. सामना संपला की तिथल्या संकेतस्थळावर एक पान येतं. कोण खेळलं, बाकावर कोण बसलं, कार्ड कुणाला मिळालं. बस, एवढंच.

“खेळतं तरी कोण तिकडे?” मी एकदा विचारलं.

“एक प्लंबर आहे, वहिनी. एक शाळामास्तर. बाकी मासळीच्या कारखान्यातले. मैदान समुद्राला लागून आहे. नेम चुकला की चेंडू पाण्यात.”

“मग?”

“मग वारं कुठलं आहे त्यावर.”

वाऱ्याचा त्यांनी धसका घेतलाय. त्या गावचं वारं फोनवर बघितल्याशिवाय ते इथे कपडे वाळत घालत नाहीत. बाल्कनीत पान हलत नसतं आणि हे टॉवेलला सहा चिमटे लावत असतात. विचारलं तर म्हणतात, “तिकडे वारं फार आहे हो.”

ते पान वाचायची त्यांची एक रीत आहे. आधी पडद्यावर तळहात ठेवायचा. मग हात एकेक ओळ खाली सरकवायचा, डॉक्टरांकडून आलेला रिपोर्ट वाचतात तसा. कपाळावर घाम. अगदी खाली, राखीव खेळाडूंच्या ओळीशी आलं की हात थांबतो. मग श्वास सुटतो. “यादीत आहे,” म्हणतात आणि चहा टाकायला उठतात.

मला वाटलं, म्हातारा जुगार खेळतो. आमच्या ह्यांना मी तसं सांगूनही टाकलं. मग एका रविवारी चहा टाकायला ते उठले तेव्हा मी चष्मा लावून पडद्यात डोकं घातलं. तिकडे म्हणे आडनावं नसतात; बापाचं नाव आणि त्याला ‘सन’ जोडलेलं, म्हणजे अमक्याचा मुलगा. सगळी यादी अशी अमक्या-तमक्यांच्या मुलांची. आणि तळाशी, सुटंसुटं: निनाद वसंत सबनीस.

मागून आवाज आला, “मधलं नाव त्याने आपणहून लावलंय. लावलं नसतं तरी चाललं असतं तिकडे.”

निनाद त्यांचा एकुलता एक. इथेच वाढलेला. आईबापांनी मराठीत विचारायचं आणि मुलांनी जपानीत उत्तर द्यायचं, हे इथल्या घराघरात चालतं. माझी नात इरा तर माझ्याशी जपानीत भांडते आणि मी मराठीत जिंकते. आम्ही कुणी मनावर घेत नाही. सबनीसांनी घेतलं. बायको गेली त्याच वर्षी जेवताना एकदा म्हणाले, “मराठीत बोल, नाहीतर बोलू नकोस.”

मुलाने त्यातलं दुसरं ऐकलं. तिथल्या मासळीच्या कारखान्याचा पत्ता फ्रिजवर चिकटवून तो जगाच्या त्या टोकाला निघून गेला. नंबर दोघांकडे दोघांचा आहे. पाच वर्षांत कुणी लावलेला नाही.

त्या संघात तो राखीव गोलकीपर आहे, म्हणजे खरा गोलकीपर आडवा झाला तर उभा राहायचं. तो काही आडवा होत नाही. मग बाकावर बसणाऱ्याला पिवळं कार्ड मिळतं कशाचं? हे मी शिरा खाता खाता विचारलं होतं.

“बाकावरून पंचाला काहीतरी बोलला असणार,” सबनीस म्हणाले. भांड्याच्या कडेला लागलेला शिरा चमच्याने खरवडत होते. “बोलला म्हणजे.”

त्या दिवसापासून त्यांच्या शिऱ्यात साखर जास्त असते हे मी बोलून दाखवत नाही.

आता माझी एक जुनी गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही नवे नवे इथे आलो तेव्हा मी तिशीची होते आणि मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटायची. बेल वाजली तरी मी दार उघडत नसे. चुकीच्या दिवशी कचरा ठेवला म्हणून पोलीस नेतील असं मला खरंच वाटायचं. पहिला भूकंप झाला तेव्हा ही शूर बाई पाच मजले धावत उतरली, दोन्ही हातांत डाळीचा गरम कुकर. खाली पोचल्यावर बायका विचारायला लागल्या, मुलगा कुठे? मुलगा वर झोपला होता. मी कुकर वाचवला होता. कुकर तिथेच जमिनीवर ठेवून मी जिन्याकडे वळले. तेवढ्यात जिन्यातून सबनीस आले, एका बगलेत त्यांचा निनाद आणि दुसऱ्या बगलेत माझा. माझ्या हातात पोर देऊन म्हणाले, “वहिनी, डाळ झाली का?”

तर ह्या ऑगस्टमध्ये लागोपाठ दोन रविवार यादीत नाव नव्हतं. सबनीसांनी दाढी करणं सोडलं. इरा फुटबॉल खेळते, ती जपानीत म्हणाली की कार्डं साठली की एक सामना बाहेर बसवतात. ते त्यांना माहीत होतं. “एक सामना,” ते म्हणाले. “दोन नाही.”

“फोन करा की.”

“आणि कुठल्या तोंडाने बोलू, वहिनी? आणि उचलला नाही तर?” मग खिडकीकडे बघत, “तिकडे वारं होतं त्या आठवड्यात.”

तिसऱ्या रविवारी सकाळी सात वाजून गेले, बेल वाजली नाही. आठच्या सुमाराला घर हलायला लागलं. आधी कपाटातल्या वाट्या, मग आख्खं कपाट. इराला घेऊन मी टेबलाखाली गेले. ह्या वेळी पोर घेतली, कुकर सोडला. थांबल्यावर मी आमचं पिवळं फडकं दाराबाहेर बांधलं. वस्तीच्या मंडळाने प्रत्येक घराला ते दिलंय, त्यावर जपानीत लिहिलंय: आम्ही सुखरूप आहोत. फडकं दिसलं की शोधायला येणारी माणसं पुढच्या दाराकडे जातात.

इराला तिच्या बापाजवळ ठेवून मी वर गेले. सहाव्या मजल्यावर सगळ्या दारांना पिवळं होतं. एका दाराला नव्हतं.

मी बेल दाबली. मग दार ठोकलं. मग मूठ दुखेपर्यंत ठोकलं.

दार उघडलं. आत पुस्तकं जमिनीवर, घड्याळ जमिनीवर, आणि संगणक चालू.

“फडकं कुठाय तुमचं?”

“असेल कुठेतरी,” सबनीस म्हणाले. “बघणारं कोण आहे?” आणि पुन्हा जाऊन बसले, हात पडद्यावर. हात अगदी तळाशी पोचलेला होता. “नाही हो,” म्हणाले. “आजही नाही.”

फडकं चपलांच्या कपाटात सापडलं. मी ते बाहेर बांधलं. घाईत गाठ तीनदा सुटली. मग त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

“फोटो काढा. पाठवा त्याला.”

“वर काय लिहू?”

“फडक्यावर लिहिलंय तेच.”

“ते जपानीत आहे.”

“मला दिसतंय.”

त्यांनी फोटो काढला. मग, ज्या माणसाने घरात ती भाषा कधी चालू दिली नाही, त्याने एकेक अक्षर शोधून दोन जपानी शब्द लिहिले. पाठवताना डोळे मिटून घेतले. मग फोन पालथा करून त्यावर तळहात ठेवला आणि आम्ही दोघं दारातच, चपलांमध्ये बसलो. मधे एक छोटा धक्का आला. कुणी उठलं नाही.

फोन त्यांच्या हाताखाली थरथरला. मला वाटलं दुसरा धक्का.

“तुम्ही वाचा, वहिनी.”

मराठी होतं, इंग्रजी अक्षरांत, तुटक. मी मोठ्यांदा वाचलं. “मनगट मोडलं. आता ठीक. बाबा, फडकं उलटं बांधलं आहे.”

ते उलटं मीच बांधलं होतं. तीस वर्षं ह्या देशात राहून.

मंडळाची बाई दोनदा येऊन गेली, आता काढून ठेवलंत तरी चालेल, असं अगदी नम्रपणे सांगून. सबनीस तिला वाकून नमस्कार करतात. फडकं अजून दारालाच आहे, तसंच उलटं. चार चिमटे लावलेत त्याला.