चार रुपयांची भुतं

"चार रुपये? माणशी? भुतं बघायला?" अप्पाजी हेरेकरांचा बशीत फुंकर घालायला उघडलेला ओठ तसाच राहिला. "आणि दिसली नाहीत तर?"

"दिसत नाहीतच," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "नुसती ऐकायची असतात."

"म्हणजे मालच नाही! न दिसणाऱ्या मालाला रोख पैसे!"

अप्पाजींचं हुबळीच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक पातेलं उचलून बघतं, वाजवून बघतं, तळाला बोट घासून बघतं आणि मगच घेतं, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. सखूबाईंच्या फेरीत वाजवून बघण्यासारखं काहीच नव्हतं.

सखूबाई कांबळे म्हणजे धारवाडच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. सगळं गाव त्यांना सखूअक्का म्हणायचं. चाळीस वर्षं त्यांनी धारवाडच्या मळमड्डी भागात घरोघरी जाऊन बाळंतपणं केली होती, त्यामुळं कुठल्या घरात कोण जन्मलं आणि कोण गेलं हे त्यांना तोंडपाठ. १९८१ साली त्यांनी दर शनिवारी दिवेलागणीला मळमड्डीच्या गल्ल्यांतून लोकांना फिरवायला सुरुवात केली. दीड तास चालायचं, पाच घरांसमोर थांबायचं, पाच भुतांच्या गोष्टी ऐकायच्या आणि शेवटी स्टेशनसमोर मिरची भजी आणि चहा. सगळं मिळून चार रुपये.

अप्पाजी गेले ते मुळीच भुतांसाठी नाही. त्यांना मळमड्डीत घर घ्यायचं होतं. दुकानाच्या माडीवर बाजाराची धूळ खाऊन रुक्मिणीबाईंना दम्यानं धरलं होतं आणि डॉक्टरांनी धारवाडची हवा सुचवली होती. यशवंतराव नरगुंदकरांचं घर दोघांनाही पसंत होतं. पुढं व्हरांडा, बाजूला जाईचा वेल, रस्त्याकडं एक रुंद खिडकी. नरगुंदकर रेल्वेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलं पुण्याला. "ये, ये" म्हणून मुलांनी धोशा लावला म्हणून ते घर विकत होते. अडचण एवढीच, की अप्पाजी चार वेळा जाऊन आले तरी नरगुंदकर किमतीत रुपयासुद्धा सोडायला तयार नव्हते.

"मी वाद घालत नाही री," ते धारवाडी 'री' लावून शांतपणे म्हणायचे. "किंमत ही आहे. चहा घेता?"

वादच न घालणाऱ्या माणसाशी घासाघीस कशी करायची हे अप्पाजींना बाजारात कोणी शिकवलं नव्हतं. चौथ्या वेळी नवराबायको अशीच चहा पिऊन बाहेर पडली, तो शनिवार होता आणि कोपऱ्यावर सखूअक्कांची मंडळी जमत होती. रुक्मिणीबाई तिथंच उभ्या राहिल्या. नवऱ्यानं नुकतीच हार खाल्लेली असताना त्याच्याकडून काय हवं ते मिळतं, हे त्यांना ठाऊक होतं.

पहिलं भूत संगीताचं निघालं. एका गायनमास्तरांच्या घरात रोज पहाटे कुणीतरी सूर लावायचं. दिसायचं कोणी नाही, फक्त आवाज.

"घरची माणसं घाबरली," सखूअक्का म्हणाल्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, खांद्यावर शाल. आवाज कधी चढवायच्या नाहीत, त्यामुळं वीस माणसं श्वास धरून पुढं सरकायची. "मास्तर घाबरले नाहीत. त्यांना राग आला. का? तर भूत बेसूर होतं. आठ दिवस त्यांनी सोसलं. नवव्या दिवशी पांघरूण फेकून ओरडले, 'अरे, गंधार चढतोय तुझा!' एकदम सगळं गप. दुसऱ्या दिवशी गंधार जागेवर."

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग काय? मास्तर रोज शिकवायचे, ते रोज शिकायचं. वर्षभरानं यायचं थांबलं. मास्तर बायकोला म्हणाले, 'बघ, शिकून झालं की एकजणही तोंड दाखवत नाही.'"

सगळे हसले. अप्पाजीही हसले, आणि रुक्मिणीबाईंनी बघितलं म्हणून लगेच खोकले.

तिसऱ्या घराशी मात्र अप्पाजींचे कान टवकारले. फेरीतला एक बँकेतला माणूस बायकोला हळूच म्हणत होता, "आपण हेच घर भाड्यानं बघितलं होतं ना? ब्याड ग. नको आपल्याला. दुसरं बघू."

अप्पाजींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भुतानं घराचा भाव उतरतो! आणि नरगुंदकरांच्या घरात भूतच नव्हतं. फेरी त्या घरावरून न थांबता पुढं जायची. एवढीशी उणीव भरून काढली की काम झालं.

दोन दिवसांनी ते एकटेच सखूअक्कांच्या घरी गेले. जाताना पितळेचा एक डबा भेट म्हणून घेऊन गेले.

"अक्का, नरगुंदकरांच्या घरासमोर थोडं थांबत जा की. एखादं लहानसं भूत ठेवा. तुम्हाला काय जड आहे?"

सखूअक्कांनी डबा हातात घेतला, झाकण लावून बघितलं, काढून बघितलं आणि परत दिला.

"अण्णा, चाळीस वर्षं बाळंतपणं केली. न झालेलं मूल झालं म्हणून कधी सांगितलं नाही. नसलेलं भूत आहे म्हणून कसं सांगू?"

"म्हणजे बाकीची खरी आहेत?"

"त्या त्या घरच्यांनी मला सांगितलेली आहेत. मी माझ्या पदरचं घालत नाही."

धंद्यातला सच्चेपणा अप्पाजींना कळायचा. दुसऱ्याचा असला की त्यांना त्याचं कौतुकही वाटायचं. पण घर हवं होतं. येताना बसमध्ये त्यांनी ठरवलं की भूत आपणच घालायचं. गोष्ट सांगायची तर आहे, त्यात काय एवढं?

शनिवारी त्यांनी स्वतः होऊन दोन तिकिटं काढली. रुक्मिणीबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

"बरं आहे ना तुम्हाला?"

"तुला आवडतं म्हणून," अप्पाजी म्हणाले. लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या बाईला हे उत्तर पटण्यासारखं नव्हतं, पण त्या सखूअक्कांच्या मागोमाग चालू लागल्या.

नरगुंदकरांच्या घरासमोर फेरी आली आणि पुढं सरकली, तेवढ्यात मागून अप्पाजी ओरडले, "अय्यय्यो! खिडकीत कोण ते?"

वीस माणसं वळली. खिडकीत अंधार होता.

"बाई होती! पांढरं लुगडं! केस मोकळे! पाय उलटे!"

"खिडकीतून पाय कसे दिसले?" एका शाळेतल्या बाईंनी विचारलं. त्या गणित शिकवायच्या.

अप्पाजींनी परत खिडकीकडं बघितलं. "ती... खुर्चीवर उभी होती."

"कशाला?"

"आता भुताला कशाला म्हणून कसं विचारायचं? तिनं ह्याच घराच्या विहिरीत जीव दिला. मला पक्की माहिती आहे."

"ह्या ओळीत एकाही घराला विहीर नाही," ह्याही शनिवारी आलेला बँकेतला माणूस म्हणाला. "सगळीकडं नळ आहेत."

"मग नळ यायच्या आधी दिला असेल!"

"विहीर गेली कुठं?"

"बुजवली!"

"आणि ती बाई?"

पातेल्याला भोक असलं तर गिऱ्हाईक एकदाच दाखवतं. इथं एक भोक बुजवलं की दोन नवी पडत होती. लोक आता उघड हसत होते. मागं एकजण म्हणाला, "अक्का, हे भूत तिकिटात धरलंय का वेगळं?" आणि मोठा हशा पिकला.

त्या हशानंच घोटाळा केला. व्हरांड्यात दिवा लागला, कडी वाजली आणि नरगुंदकर हातात बॅटरी घेऊन बाहेर आले.

"काय झालं री? कोण आहे माझ्या घरात?"

हशा जागच्या जागी विरला. शेवटी गणिताच्या बाई म्हणाल्या, "हे गृहस्थ म्हणतात, तुमच्या खिडकीत एक बाई दिसली."

नरगुंदकरांनी बॅटरी अप्पाजींच्या तोंडावर धरली. चार वेळा आपल्या हातचा चहा प्यायलेला माणूस त्यांनी ओळखला. अप्पाजींना वाटलं, आता आपण भांड्यांसकट संपलो. त्यांनी सखूअक्कांकडं पाहिलं. सखूअक्का एका शब्दात त्यांना खोटं पाडू शकत होत्या, आणि तसं केलं असतं तरी ते न्यायाचंच झालं असतं.

सखूअक्का गर्दीतून हळूहळू पुढं आल्या आणि फाटकाशी थांबल्या.

"यशवंतराव, खिडकीत आत्ता कोण आहे हे मी सांगत नाही. मला दिसलं नाही. पण तिथं कोण बसायचं, ते सांगू?"

नरगुंदकरांनी बॅटरी खाली केली.

"पांढरं लुगडं नव्हे," सखूअक्का लोकांकडं वळून म्हणाल्या. "हिरवं इरकली. केस मोकळे कुठले, एवढासा अंबाडा. पाय उलटे नव्हते, संधिवातानं सुजलेले होते, म्हणून यशवंतरावांच्या पत्नी, लक्ष्मीबाई, दिवसभर ह्या खिडकीत बसून असायच्या. जाईची फुलं ओच्यात. ओवायचं काम चाललेलं, पण डोळे रस्त्यावर. कोणी समोरून गेलं की विचारायच्या, 'ऊट आतेनरी?' जेवलात का? पोस्टमनला विचारायच्या, भाजीवालीला विचारायच्या. एकदा चोर पळत चालला होता, मागं पोलीस. लक्ष्मीबाईंनी दोघांनाही विचारलं."

कोणीतरी हसलं, पण हळू.

"त्यांच्या धाकट्या मुलाच्या बाळंतपणाला मी दोन रात्री ह्या घरात होते. तिसऱ्या दिवशी सकाळी निघाले. तेव्हा आमच्यासारख्यांना मळमड्डीत पाणी द्यायचं तरी लोक वरून ओतायचे. ह्या खिडकीतून मला हाक आली, 'सखू, ऊट आतेन?' मी म्हटलं, घरी जाऊन खाते. तर म्हणाल्या, 'मला उठवत नाही, तूच आत जा, ताट घे, आणि इथं माझ्यासमोर बसून खा. मला एकटीला गिळत नाही.' मी खाल्लं. ज्वारीची भाकरी, वांग्याची एणगाई आणि ताक."

रस्त्यावर वीस माणसं उभी होती आणि एकही चप्पल वाजत नव्हती. अप्पाजींनीही खिडकीकडं पाहिलं. ह्या वेळी ते मनापासून बघत होते. आपण ह्या घराच्या भिंती मोजल्या, कौलं मोजली, आणि खिडकी फक्त वाऱ्यासाठी चांगली म्हणून पसंत केली, हे त्यांच्या ध्यानात आलं. किमतीचा विचार त्यांच्या डोक्यातून पार निघून गेला होता.

नरगुंदकर फाटकाला धरून उभे होते.

"ती एणगाई..." ते म्हणाले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि अप्पाजींजवळ आले.

"हेरेकर, तुमचे उपकार झाले."

"माझे?" अप्पाजी दचकून म्हणाले.

"तुम्हाला ती दिसली. मी रोज त्या खोलीत बसतो, मला कधी दिसली नाही. पण ती तिथं असेल तर मी घर कसं विकू? पुण्याला जाऊन करू काय? माफ करा, घर आता विकायचं नाही."

"अहो, पण मी..." अप्पाजींनी तोंड उघडलं. खरं सांगून टाकावं असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी नरगुंदकरांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तोंड मिटलं. "...मी समजू शकतो," ते म्हणाले.

भजी खाताना ते सखूअक्कांच्या शेजारी जाऊन बसले.

"अक्का, तुम्ही मला वाचवलंत."

"तुम्हाला कुठलं? लक्ष्मीबाईंना वाचवलं. विहिरीत ढकलत होतात तुम्ही त्यांना," सखूअक्का म्हणाल्या आणि मिरची त्यांच्या ताटलीत वाढली.

हुबळीच्या बसमध्ये रुक्मिणीबाई खिडकीशी बसल्या होत्या. नवलूर मागं पडलं तरी त्या बाहेरच बघत होत्या. अप्पाजी बोलणी खायची तयारी करून बसले होते. घर गेलं होतं, तेही स्वतःच्या करणीनं.

"भाव पाडायला निघाला होतात ना?" शेवटी त्या म्हणाल्या.

"हं."

"खुर्चीवर उभी होती म्हणे!" रुक्मिणीबाईंना एकदम हसू फुटलं. दम लागेपर्यंत त्या हसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "दुसरं घर बघा. पण गल्ली अशी बघा की सखूअक्कांची फेरी तिथून जाईल."

दुसरं घर मिळायला तीन महिने लागले. तोपर्यंत दुकानात कोणी त्या फेरीबद्दल विचारलं, की अप्पाजी हातातलं भांडं खाली ठेवायचे. "चार रुपये? अहो, बाई वेडी आहे, दहा घ्यायला पाहिजेत," असं म्हणून ते गायनमास्तरांची गोष्ट सांगायला लागायचे, आणि गंधार कुठं चढला ते गाऊन दाखवायचे. गिऱ्हाईक निघून जायचं.

नवं घर नरगुंदकरांच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडं होतं. लहान, पण व्हरांडा होता. सौदा पक्का करण्याआधी अप्पाजी सखूअक्कांना घर दाखवायला घेऊन आले. त्यांनी सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या, स्वयंपाकघराची खिडकी उघडली, लावली.

"अक्का, खरं सांगा," अप्पाजींनी अंगणात येऊन जरा घुटमळत विचारलं, "ह्या घरात कोणी आहे का? म्हणजे, फेरी दाराशी थांबण्यासारखं?"

सखूअक्कांनी घराकडं पाहिलं. मग व्हरांड्याची लांबी पावलांनी मोजत असलेल्या रुक्मिणीबाईंकडं पाहिलं. मग चष्म्यावरून अप्पाजींकडं पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहिलं.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "पण घाई कशाला, अण्णा? घर चांगलं आहे. घेऊन टाका."