भरमूची तपासणी

सरकारी पत्र आल्यापासून तम्मण्णाच्या घशाखाली भाकरी उतरत नव्हती. शाळेतल्या मास्तरांनी ते कानडी पत्र वाचून दाखवलं होतं. भरमूची केस पाहायला समाजकल्याण खात्याचे साहेब येत्या मंगळवारी वडगावात येणार होते. भरमू म्हणजे तम्मण्णाचा धाकटा भाऊ. वय चौतीस, अंगानं भारदस्त, मिशा भरघोस, कानशिलावरचे केस पिकलेले आणि समज पाच-सहा वर्षांच्या पोराएवढी. त्याला अपंगांचं सरकारी कार्ड मिळावं म्हणून अर्ज तम्मण्णानंच केला होता, त्यामुळे आता शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

त्यात शेजारच्या बाळाबाईनं तेल ओतलं. "संकेश्वरात आसाच सायेब आलता," ती म्हणाली. "पोराला नाव इचारलं. सांगाया आलं न्हाय. घातला की जीपमधी! कुठं लांब सरकारी घरात ठेवलाय म्हणं. आई रडून रडून निम्मी झालीया."

"आन् नाव सांगितलं आसतं तर?"

"तर कशाला न्हेत्यात?"

झालं. त्या दिवसापासून तम्मण्णानं हातमागावर बसल्या बसल्या भावाची तयारी सुरू केली. भरमू शेजारी रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसायचा. त्या कामात त्याचा हात धरणारा अख्ख्या गल्लीत कुणी नव्हता. पण नाव सांगायचं म्हटलं की तो नुसता हसायचा.

"नाव काय?" तम्मण्णा विचारी. भरमू हसे. "भरमू म्हन." भरमू आणखी हसे. मग तम्मण्णाच विचारी आणि तम्मण्णाच उत्तर देई, "नाव काय? भरमू!" शेवटी हरून तो गुळाचा खडा भावाच्या तोंडात घाली आणि म्हणे, "शाना हाय माझा भरमू." आठ दिवसांत अर्धी ढेप संपली. भरमू काही नाव सांगायला शिकला नाही. तम्मण्णाला मात्र कुणी झोपेत हलवलं तरी तो "भरमू!" म्हणून उठून बसू लागला.

सोमवारी दिवेलागणीला बाळाबाई पुन्हा डोकावली. "तम्मण्णा, उद्या आमुशा हाय, ठावं हाय न्हवं?"

तम्मण्णा बोटांवर तिथी मोजू लागला. अवसेला वडगावात कुणी मागाला हात लावत नाही, ही बापआज्यापासूनची रीत. आणि मागांची खटखट थांबली की भरमू कावराबावरा होई. कुणाच्याही घरात शिरे, थांबलेल्या मागाला कान लावून बघे, मग रडत पुढच्या घरी धावे. म्हणून दर अवसेला तम्मण्णा त्याचा हात धरून दिवसभर येळ्ळूरच्या रस्त्यानं चालत राही. उद्या मात्र घरीच थांबायचं होतं. भावाला आपल्यापासून कुणी नेलं तर, या विचारानं त्याची रात्र डोळा न लागताच सरली.

मंगळवारी सकाळी भरमू दोनदा दाराबाहेर पळाला. दोनदा ओढून आणला. तिसऱ्यांदा तो उठला तसं तम्मण्णानं आईच्या फोटोला हात जोडले आणि माग सुरू केला. खटक खटक आवाज झाला, आणि भरमू मुकाट्यानं रहाटाशी येऊन बसला.

पण सगळी गल्ली दारात गोळा झाली.

"आमुशाला माग? आरं, कुणाचा जीव घेतोस काय?"

"बंद कर रं आदी!"

"डोस्कं फिरलंय ह्येचं!"

बंद केला तर भरमू पळणार, चालू ठेवला तर गल्ली मारणार. तम्मण्णा घामानं निथळत धोटा फेकत राहिला. तेवढ्यात कोपऱ्यावर जीप थांबली.

साहेब आत आले. ते कानडी, पण निपाणीत वर्षभर काढल्यानं त्यांना मोडकंतोडकं मराठी येत होतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. एक भारदस्त माणूस शांतपणे कांड्या भरत होता. दुसरा किडकिडीत माणूस अवसेच्या दिवशी माग हाणत थरथरत होता. साहेब त्या किडकिडीत माणसापाशी वाकले.

"नाव काय?"

"भरमू!" तम्मण्णा म्हणाला.

त्यानं जीभ चावेपर्यंत साहेबांनी लिहूनही घेतलं होतं.

"न्हवं न्हवं, सायेब! मी तम्मण्णा. त्यो भरमू!"

"मगाशी भरमू, आता तम्मण्णा," साहेब मवाळपणे म्हणाले. "असू दे. भिऊ नको." मग त्यांनी दारातल्या बाळाबाईला विचारलं, "याचा डोका बरा नाही काय?"

बाळाबाईची जीभ एरवी कुणाला ऐकत नसे, पण सरकारी माणसापुढं तिला एकच उत्तर सुचे. "व्हय सायेब."

"हा मोठा भाऊ बघतो याला?" साहेबांनी भरमूकडे बोट दाखवलं.

"व्हय सायेब."

म्हणजे जीप आता तम्मण्णालाच नेणार! मग भरमूला भाकरी कुस्करून कोण देणार? अवसेला त्याचा हात कोण धरणार? "मला न्हेऊ नगासा सायेब!" असं ओरडून तो लहान पोरासारखा रडू लागला. माग थांबला.

गल्लीनं दार अडवून धरलं. माग थांबला म्हणजे भरमू आता पळणार. पण भरमू रहाट सोडून उठला आणि थेट भावाजवळ आला. खिशातला गुळाचा खडा काढून त्यानं तम्मण्णाच्या तोंडात घातला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "शाना हाय माझा भरमू."

आठ दिवस घोकून न निघालेलं नाव असं नको तिथं निघालं. साहेबांनी लिहिता लिहिता वाचून दाखवलं, "भाऊ प्रेमानं सांभाळतो. भरमूला भावापासून हलवू नये." जाताना ते म्हणाले, "सहा महिन्यांनी परत येतो."

यथावकाश कार्ड आलं. नाव भरमूचं, ओळखखूण मात्र तम्मण्णाच्या हनुवटीवरचा तीळ. खरं सांगावं तर साहेब जीप घेऊन येतील, न सांगावं तर सहा महिन्यांनी येतीलच. तम्मण्णा गप्प बसला आणि दिवस मोजत राहिला.

सहा महिन्यांनी पत्र आलं, तसा त्याचा घास पुन्हा अडला. तपासणीच्या दिवशी सकाळी तो मागाशेजारी भिंतीला टेकून बसला होता. भरमूनं त्याला बघितलं. कंगवा आणून त्याचे केस विंचरले, समोर मांडी घातली आणि विचारलं, "नाव काय?"

"भरमू," तम्मण्णा म्हणाला, आणि गुळासाठी त्यानं तोंड उघडलं.