डाळीतला चवळीचा दाणा

त्या दिवशी आमच्या ओट्यावर मी व्हते, माझी सासू सखराबाई व्हती, शेजारची शेवंता व्हती, तिच्या पलीकडची हौसा व्हती, आन् पाचवी ती तराजूवाली निमकरबाई.

ही बाई मिरचीसुद्धा देठ मोडून तोलायची. देठ आपण खात नाय म्हणायची. हौसानं एकदा चहा दिला, तर आधी साखर तोलली, मंग प्याली. मोठ्या माणसानं रोज डाळ किती, पालेभाजी किती, तेल किती खावं ते सरकारनं ठरवलेलं. आपण ते कितपत पाळतो हे बघायला ती नाशकातल्या वस्त्या पालथ्या घालायची. बोलणं एकच, "ताई, खरं तेच तोलू."

दुष्काळ सरून दोनतीन वर्सं झालती. आमचे हे विंचूरला कांद्याच्या गोण्या भरायला जायचे. घरात डाळ सणालाच. सासू म्हणली, "सरकारच्या माणसापुढं रिकामं पातेलं ठिवू नको गं." हौसाच्या घरीबी तीच गत. मंग काय, शेवंताची तूरडाळ तिच्याकडं तोलून झाली की मागच्या दारानं हौसाकडं, आन् तिथनं आमच्याकडं.

बाईनं डाळ पारड्यात वतली, बोटानं चाळली आन् एक दाणा उचलला.

"हा चवळीचा दाणा सकाळपासून माझ्या मागे फिरतोय," ती म्हणली. "शेवंताताईंकडे भेटला, हौसाताईंकडे भेटला."

शेवंता पदरात तोंड घालून हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"डाळ राहू द्या," बाई म्हणली. "तुमचं ताट दाखवा."

"माझं काय, सगळ्यांचं झाल्यावर."

"बसते मी."

आन् खरंच बसली. सासू जेवली, शाळेत गेलेल्या पोरांचं काढून ठिवलं, तरी बसलेलीच. शेवटी मी ताट घेतलं. रेशनच्या लाल ज्वारीची अर्धी भाकर आन् चिमूटभर मीठ. बाईनं ती भाकर उचलून पारड्यात ठिवली. भुकेचं मला कधी काय वाटलं नाय, सवय व्हती. पण ती अर्धी भाकर सगळ्यांपुढं अशी टांगलेली, त्याची लाज आजबी अंगावर येती. मी जमिनीकडं बघत बसले.

"मला वाटायचं, तू आत पोटभर खातीस," सासू हळूच म्हणली, आन् तिनंबी मान खाली घातली.

बाईनं वजनं काढायला पिशवीत हात घातला. वजनाच्या जागी तिनं आपला डबा काढला. आत एकच पोळी, वाळून कडक झालेली. ती तिनं दुसऱ्या पारड्यात टाकली. काटा मधोमध आला.

"आन् भाजी कुठंय बाई?" हौसा म्हणली. "आम्हाला तर सांगता, पाला खा, डाळ खा."

"एकटीसाठी कोण करतंय," बाई म्हणली. "काय खाल्लं म्हणून विचारणारं कोणी असतं, तर केली असती."

सासू उठली, तिनं ती डाळ धुतली आन् चुलीवर चढवली.

"शेवंते, ही आता परत येत नाय बरं का."

"नको येऊ दे," शेवंता म्हणली. "मीठ जरा बेतानं घाला, आत्या."

वाटी वाटी आमटी आमी पाचजणी जेवलो. शिजल्यावर मात्र बाईनं ती तोलली नाय.

वाचणाऱ्यांनी एवढं करा. तुमच्या घरात जी सगळ्यात शेवटी जेवायला बसती, तिच्याजवळ जाऊन बसा आन् तिच्या ताटात काय हाय ते बघा.