परीक्षेला बसलेले ठोकळे

आमच्या बेटावर, मोका गावच्या प्रयोगशाळेत मी काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडतो. सरकार मला याचा पगार देतं! त्यामुळे माझ्या सासुरवाडीला, शमें ग्रेनिएला, मराठी सभेचं नवं सभागृह बांधायचं ठरलं तेव्हा मी मोठ्या मनाने म्हणालो, "स्लॅबची काळजी माझ्यावर सोडा. विज्ञान कशाला आहे?"

जुनं पत्र्याचं सभागृह वादळाने उसात नेऊन टाकलं होतं. मागच्या वर्षी गणपती माझ्या सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये, ट्रॅक्टरशेजारी बसला. सासरे म्हणजे गोवर्धनमामा, सभेचे अध्यक्ष. त्यांना ते फार लागलं होतं. यंदाचा गणपती नव्या छपराखालीच बसणार, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं.

स्लॅब टाकला त्या दिवशी मी त्यातलंच काँक्रीट तीन लोखंडी साच्यांत भरलं आणि मंडळींना भाषण दिलं. कोणी मागितलं नव्हतं. "हे ठोकळे मोकाला परीक्षेला बसणार. हे पास, तर स्लॅब पास. हे नापास, तर स्लॅब फोडायचा." सासूबाई, चंद्रकला त्यांचं नाव, फार मन लावून ऐकत होत्या. मला भरून आलं. मग मी जेवायला गेलो.

मोकाला साचे उघडले, तर ठोकळे भिजल्या पिठासारखे खाली बसले. काही दिवस वाट पाहिली. तेच. भोवती मुंग्यांची रांग लागली होती. मी पडलो शास्त्रज्ञ, मुंग्यांचा विचार कशाला करू? शिपायाला झापलं.

गणपती तोंडावर आलेला. मी जाऊन निकाल सांगितला.

"फोडायचा?" मामांनी विचारलं.

"विज्ञान म्हणतं, फोडायचा."

"आयो, परत गॅरेज," मामा म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागले. मला वाईट वाटलं, पण सत्यापुढे सासरा कोण?

मामांचा पुतण्या कृष्णदेव घण घेऊन वर चढला. घण मारला की उसळून परत येई. दांडा मोडला, दुसरा आणला. दुपारपर्यंत कसंबसं टोपलीएवढं भोक पडलं.

"भावजी, ह्यो बेतों तर दगड झालाय," तो वरून ओरडला. बेतों म्हणजे काँक्रीट.

"वरवर तसं वाटतं," मी समजावलं.

इतक्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. "फोडताव कशाला?"

"ठोकळे नापास झाले."

"कसे होतील? मी दही-साखर दिलीवती त्यांना."

घण थांबला.

"कोणाला?"

"तुमच्या ठोकळ्यांना. तुम्हीच बोललाव, परीक्षेला चाललेत. पोरं जातात तवा हातावर देते का नाय? ह्यांना हात नाय, म्हणून वरून घातली नि पळीनं ढवळली. वाटीभर. आपल्याकडं साखरेला काय तोटा?"

सिमेंटमध्ये साखर पडली की ते धरत नाही, कच्चंच राहतं, हे मी स्वतः नव्या लोकांना शिकवतो. चहूकडे ऊस असलेल्या बेटावर राहून शिकवतो. आता ते सासूबाईंनाही सांगावं लागलं.

मामांनी भोकातून आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

गणपती नव्या छपराखालीच बसला. भोक नेमकं त्याच्या डोक्यावर. बुजवायचं काम मी मागितलं, पण कोणी देईना. आरतीला भुरभुर सुरू झाली, तेव्हा छत्री धरायचं काम मात्र सर्वानुमते माझ्याकडे आलं. प्रसादाचं ताट फिरत माझ्यापाशी आलं. मी मोकळा हात पुढे केला, तोच सासूबाईंनी ताट मागे ओढलं.

"यांना मोदक नको. गूळ हाय त्यात. जावई अजून कच्चे हायेत."